विश्लेषण : कारखान्यातील सॉफ्टवेअर ‘अपडेट’ करणे इतके अवघड का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले. घरच्या लॅपटॉपपुरता याचा अर्थ सोपा आहे : नवी आवृत्ती घ्या किंवा नवा लॅपटॉप घ्या. पण बॉयलर, रंगकामाचे रोबो, औषधनिर्मितीच्या टाक्या आणि जलशुद्धीकरण केंद्रे यांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरही याच विंडोजवर चालतात. तिथे चुकीच्या वेळी केलेले एक अपडेट उत्पादन थांबवू शकते आणि वर्षानुवर्षे न केलेले अपडेट विषाणूला वाट मोकळी करून देते. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडल्या आहेत. ही कोंडी काय आहे आणि ती कशी सोडवली जाते, याचा हा आढावा.

कंट्रोल सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय?

कारखान्यातील नियंत्रण यंत्रणेचे साधारण तीन थर असतात. सर्वांत खाली तापमान, दाब, पातळी मोजणारे सेन्सर आणि मोटारी, व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या वर असतो पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. सेन्सरकडून माहिती घेणे, आपल्यातील प्रोग्रॅम चालवणे आणि मोटारीला किंवा व्हॉल्व्हला आदेश देणे हे चक्र तो काही मिलिसेकंदांत पूर्ण करतो आणि ते अखंड चालू ठेवतो. अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास डिक मॉर्ले यांच्या गटाने ‘मॉडिकॉन ०८४’ हा असा कंट्रोलर तयार केला. जनरल मोटर्सच्या कारखान्यांतील रिलेंची जंजाळे काढून टाकणे, ही त्यामागची गरज होती.

तिसरा थर ऑपरेटरच्या समोर असतो. पडद्यावर टाकीची पातळी दिसते, अलार्म वाजतो, बटण दाबून पंप सुरू होतो. हे काम स्काडा किंवा एचएमआय सॉफ्टवेअर करते आणि ते बहुतांश ठिकाणी विंडोजच्या संगणकावर चालते. याखेरीज पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याचे इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर वेगळे असते. त्यामुळे ‘अपग्रेड’ हा शब्द एक असला, तरी त्यात पीएलसीचे फर्मवेअर, त्यातील प्रोग्रॅम, इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर, स्काडा आणि विंडोज अशा किमान पाच गोष्टी येतात. यांतील एक बदलली की उरलेल्या चारांशी तिचे जुळते का, हे तपासावे लागते.

मोबाइलसारखे रात्री अपडेट का लावता येत नाही?

पहिले कारण आयुर्मानाचे. पीएलसी १५-२० वर्षे सहज चालतो, अनेक ठिकाणी त्याहूनही जास्त. विंडोजच्या एका आवृत्तीला साधारण दहा वर्षे पाठबळ मिळते. विंडोज एक्सपीचे पाठबळ एप्रिल २०१४ मध्ये संपले, विंडोज ७चे जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे यंत्र एकच राहते आणि त्याच्या आयुष्यात विंडोजच्या दोन-तीन पिढ्या बदलतात.

दुसरे कारण वेळेचे. गळीत हंगाम सुरू असताना साखर कारखाना थांबवून सॉफ्टवेअर बदलण्याचा विचारही कोणी करत नाही. तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळत राहिला तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे असे काम ऑफ सीझनमध्येच निघते. काच वितळवणारी भट्टी किंवा रिफायनरी यांना तर तशी मोसमी सुटीही नसते. त्यांना काही वर्षांतून एकदा येणाऱ्या नियोजित शटडाऊनची वाट पाहावी लागते.

तिसरे कारण परवानगीचे. औषध कंपन्यांमध्ये संगणक प्रणालीत केलेल्या बदलाची लेखी नोंद, मंजुरी आणि पुन्हा प्रमाणीकरण आवश्यक असते. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कंपन्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचे नियम पाळावे लागतात. एक पॅच लावण्याचे काम तासाभराचे असले, तरी त्याची कागदपत्रे आणि चाचण्या अनेक दिवस घेतात.

एका अपडेटने अणुवीज केंद्र कसे थांबले?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील हॅच अणुवीज केंद्रात ७ मार्च २००८ रोजी घडलेला प्रसंग या क्षेत्रात आजही उदाहरण म्हणून शिकवला जातो. केंद्राच्या कार्यालयीन नेटवर्कवरील एका संगणकावर सॉफ्टवेअर अपडेट लावण्यात आले. हा संगणक एका नियंत्रण यंत्रणेकडून रासायनिक आणि तपासणीविषयक माहिती घेत असे. दोन्हींकडील माहिती एकसारखी ठेवणे, हे त्या अपडेटचे काम होते.

अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू झाला आणि त्याबरोबर नियंत्रण यंत्रणेतील माहितीही कोरी झाली. माहिती नाही, याचा अर्थ सुरक्षा यंत्रणेने अणुइंधन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी घसरली असा लावला आणि दुसऱ्या क्रमांकाची अणुभट्टी आपोआप बंद केली. ती ४८ तास बंद राहिली.

सुरक्षा यंत्रणेने तिचे काम चोख केले होते. पाणीही जागेवर होते. चूक होती ती दोन संगणकांमधील नाते माहीत नसण्यात. माहितीची ये-जा एकाच दिशेने होते, असा समज होता. प्रत्यक्षात ती दोन्ही दिशांनी होत होती. अपग्रेडच्या बहुतेक अपघातांचे मूळ असेच असते. जे बदलले ते ठीक चालते. त्याला जोडलेले दुसरेच काहीतरी बिघडते.

मग अपडेट केलेच नाही तर?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरत होता, तिच्यावरील पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांच्यात कारखान्यांची संख्या मोठी होती. रेनॉल्टला काही प्रकल्पांतील उत्पादन थांबवावे लागले. जूनमध्ये होंडाचा जपानमधील सायामा प्रकल्प एक दिवस बंद राहिला.

त्याहून बोलके उदाहरण तैवानच्या टीएसएमसी या चिपनिर्मात्या कंपनीचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर बसवले जात होते. ते विषाणूसाठी न तपासताच यंत्र नेटवर्कला जोडले गेले आणि वॉनाक्रायचा एक प्रकार अनेक प्रकल्पांत पसरला. म्हणजे मूळ पॅच उपलब्ध होऊन १७ महिने झाल्यानंतरही तो न लावलेली यंत्रे शिल्लक होती.

अपडेटमध्येच विषाणू असू शकतो, याचा फटका महाराष्ट्रालाही बसला आहे. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोसळली आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या जेएनपीटीतील टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. म्हणून फाइल उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून आली आहे का आणि तिची डिजिटल सही बरोबर आहे का, हे पाहणे अपग्रेडची पहिली पायरी मानली जाते. पण नॉटपेट्याचे अपडेट उत्पादकाच्याच सर्व्हरवरून आले होते. त्यामुळे वेगळ्या संगणकावर आधी चाचणी घेणे हीदेखील तितकीच महत्त्वाची पायरी ठरते.

‘डीकॉम’ प्रकरण काय होते?

सुरक्षेसाठी केलेला बदल आणि जुनी यंत्रणा यांच्यातील ओढाताण समजून घेण्यासाठी हे अलीकडचे चांगले उदाहरण आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे पीएलसी आणि स्काडा यांना एकमेकांशी बोलता यावे, यासाठी १९९६ मध्ये ‘ओपीसी’ हे मानक आले. ते मायक्रोसॉफ्टच्या ‘डीकॉम’ या तंत्रावर उभे होते. डीकॉममुळे एका संगणकावरील प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रॅमला काम सांगू शकतो. हजारो कारखान्यांनी आपली जोडणी यावर केली.

२०२१ मध्ये डीकॉममधील एक सुरक्षा त्रुटी पुढे आली. वाटेत कोणी संदेश बदलला नाही ना, याची खात्री देणारी पातळी सर्वांना सक्तीची करणे, हा त्यावरचा उपाय होता. पण अनेक जुनी ओपीसी सॉफ्टवेअर त्याहून खालच्या पातळीवर बोलत होती. सक्ती लागू होताच त्यांची जोडणी तुटणार, हे उघड होते.

मायक्रोसॉफ्टने यासाठी तीन टप्पे ठरवले. जून २०२१ मध्ये बदल आला, पण तो बंद स्थितीत होता. ज्यांना तपासायचे त्यांनी तो सुरू करून पाहावा, अशी सोय होती. जून २०२२ मध्ये तो आपोआप सुरू झाला, मात्र अडचण आल्यास बंद करण्याची मुभा राहिली. १४ मार्च २०२३ रोजी ती मुभाही संपली. दरम्यान अडलेल्या जोडणीची नोंद विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये १००३६ या क्रमांकाने होऊ लागली. कोणता संगणक आणि कोणता वापरकर्ता अडतो आहे, हे त्यातून कळत होते.

ज्यांनी या पावणेदोन वर्षांत एखाद्या शनिवारी बदल सुरू करून लॉग पाहिला, त्यांना आपली अडचण आधीच समजली. स्काडा कंपन्यांनीही आपापल्या कोणत्या आवृत्त्यांना फटका बसेल, याच्या सूचना काढल्या होत्या. ज्यांनी त्या वाचल्या नाहीत, त्यांच्यासाठी हा ‘अचानक’ आलेला बिघाड होता. डीकॉमची गरज नसलेली ‘ओपीसी यूए’ ही नवी पद्धत तोपर्यंत अनेक वर्षे उपलब्ध होती.

जुना पीएलसी बदलताना धोका कुठे असतो?

सीमेन्सचा एस७-३०० हा पीएलसी भारतातील असंख्य कारखान्यांत आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या या मालिकेचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची प्रक्रिया ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याच्या जागी प्रामुख्याने एस७-१५०० बसवला जातो. जुना प्रोग्रॅम नव्यात आणण्याचे साधन कंपनीच देते आणि बराचसा प्रोग्रॅम रूपांतरितही होतो. तरीही काही फरक उरतात.

एक फरक माहितीच्या साठवणीचा आहे. जुना पीएलसी माहिती ठरावीक पत्त्यावर ठेवत असे आणि बाहेरचे स्काडा किंवा इतर कंपनीचे उपकरण थेट त्या पत्त्यावरून आकडा वाचत असे. नव्या पीएलसीत ही मांडणी सुरुवातीपासूनच वेगळी असते, तसेच बाहेरच्या उपकरणाला अशी थेट वाचण्याची परवानगीही मुद्दाम द्यावी लागते. परिणामी पीएलसी उत्तम चालतो, पण ऑपरेटरच्या पडद्यावर आकडेच येत नाहीत.

दुसरा फरक अधिक नाजूक आहे. एखादे दूरचे उपकरण नेटवर्कवरून तुटले आणि त्या प्रसंगासाठी प्रोग्रॅममध्ये वेगळा भाग लिहिलेला नसला, तर जुना एस७-३०० थेट ‘स्टॉप’मध्ये जातो. त्याच प्रसंगी नवा एस७-१५०० चालूच राहतो. कोणते वागणे बरे, हे यंत्रावर अवलंबून आहे. पण ‘काही तुटले तर यंत्र आपोआप थांबते’, या वर्षानुवर्षांच्या अनुभवावर विसंबून कामगार वावरत असतील, तर हा फरक कागदावरचा राहत नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये अशा वेळी काय व्हावे, हे स्पष्ट लिहावे लागते आणि प्रत्यक्ष केबल काढून तपासावे लागते.

सॉफ्टवेअर आवृत्त्यांच्या अडचणी कोणत्या?

सीमेन्सच्या ‘टीआयए पोर्टल’मध्ये एखादा प्रकल्प नव्या आवृत्तीत नेला की तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल, तर मध्यरात्री बिघाड झाल्यावर तो हात चोळत बसतो. रॉकवेलच्या कंट्रोलरशी जोडून काम करायचे, तर इंजिनीअरिंग सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती आणि कंट्रोलरमधील फर्मवेअरची मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. म्हणूनच अनेक इंजिनीअरांच्या लॅपटॉपवर एकाच सॉफ्टवेअरच्या पाच-सहा आवृत्त्या शेजारी-शेजारी दिसतात.

विंडोजचे प्रश्न वेगळे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते आणि ६४ बिट विंडोजवर अतिजुने १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. जुन्या कम्युनिकेशन कार्डाचे ड्रायव्हर मिळत नाहीत. लायसन्सचे डोंगल पॅरलल पोर्टला लावायचे असेल, तर नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. अँटिव्हायरस स्काडाच्या एखाद्या फाइलला विषाणू समजून बाजूला काढतो. यांतील जवळपास प्रत्येक अडचण आधी कोणाला तरी आलेली असते आणि उत्पादकाने ती लिहूनही ठेवलेली असते.

ही माहिती कुठे मिळते?

प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत ‘रिलीज नोट्स’ येतात. त्यात नव्या सोयींची यादी आधी असते आणि ज्ञात त्रुटींची यादी नंतर. कामाची यादी दुसरी असते. शिवाय कोणते सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर, कोणत्या फर्मवेअरसोबत चालते, याचे तक्ते सीमेन्स, रॉकवेल आदी कंपन्या संकेतस्थळावर ठेवतात. मायक्रोसॉफ्टचे पॅचही या कंपन्या स्वतः तपासून ‘चालेल’ असे जाहीर करतात. विंडोजचे ‘ऑटोमॅटिक अपडेट’ बंद ठेवून या यादीतील पॅचच लावावेत, असा प्रघात आहे. पॅच व्यवस्थापनाची पद्धत सांगणारा भाग ‘आयईसी ६२४४३’ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे.

योग्य क्रम कोणता?

सुरुवात यादीपासून होते. कोणता पीएलसी, कोणते फर्मवेअर, कोणत्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर, त्याचा लायसन्स कुठे आणि कोण कोणाशी बोलते, हे एका कागदावर हवे. हॅच केंद्रातील चूक याच कागदावर पकडली गेली असती.

नंतर बॅकअप. इंजिनीअरच्या लॅपटॉपवरील फाइल आणि पीएलसीत प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम एकच असेल, असे गृहीत धरू नये. मधल्या काळात कोणीतरी रात्रपाळीत छोटा बदल केलेला असतो. दोन्हींची तुलना करून फरक नोंदवावा लागतो. तापमान, वेळ, वजन यांचे ऑपरेटरने हळूहळू बसवलेले आकडे वेगळे उतरवून घ्यावेत, कारण नवा प्रोग्रॅम पीएलसीत टाकताना ते मूळ किमतीवर जाऊ शकतात. संगणकाच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत घ्यावी आणि ती उघडते का, हेही पाहावे. टोयोटाचे जपानमधील सर्व १४ कारखाने ऑगस्ट २०२३ मध्ये थांबले ते सायबर हल्ल्यामुळे नव्हे. देखभालीच्या कामात सर्व्हरच्या डिस्कवरील जागा संपली होती आणि पर्यायी सर्व्हरही त्याच यंत्रणेवर असल्याने तोही कामी आला नाही.

तिसरी पायरी चाचणीची. हार्ड डिस्कच्या प्रतीवरून व्हर्च्युअल संगणक उभा करता येतो, पीएलसीसाठी सिम्युलेटर मिळतात. प्रत्यक्ष यंत्राला हात लावण्याआधी निम्म्याहून अधिक गोंधळ तिथेच उघड होतो.

चौथी पायरी परतीच्या वाटेची. काम शनिवारी रात्री सुरू करायचे असेल, तर ‘रविवारी दुपारी चारपर्यंत लाइन सुरू झाली नाही तर जुनी डिस्क परत लावायची’, हे आधीच लिहून ठेवावे आणि तो निर्णय कोणाचा, हेही. ऐनवेळी ‘अजून अर्धा तास’ म्हणत सोमवारची पहिली पाळी बुडते, ती वेळेची ही मर्यादा ठरलेली नसल्यामुळे.

शेवटची पायरी सुरक्षेची. आणीबाणीत यंत्र थांबवणारी लाल बटणे, दरवाज्यांचे इंटरलॉक, अतिदाबाचे ट्रिप यांची प्रत्येकी प्रत्यक्ष चाचणी झाल्याशिवाय यंत्र उत्पादनाला देऊ नये. पडद्यावर हिरवा दिवा दिसणे पुरेसे नाही.

अपग्रेड शक्यच नसेल तर?

अनेक लघु उद्योगांत हेच वास्तव आहे. यंत्र परदेशी बनावटीचे, ते बनवणारी कंपनी बंद पडलेली आणि सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर. अशा वेळी यंत्र जपायचे आणि त्याच्याभोवती कुंपण घालायचे, हा मार्ग उरतो. तो संगणक इंटरनेट आणि कार्यालयीन नेटवर्कपासून तोडणे, जोडणे अपरिहार्य असल्यास मध्ये फायरवॉल ठेवणे, पेनड्राइव्हवर बंदी, दुरून जोडणी करण्याची सॉफ्टवेअर काढून टाकणे आणि ठरावीक प्रोग्रॅमखेरीज काहीच चालू न देणे, हे उपाय फारसा खर्च न करता करता येतात. सोबत डिस्कची प्रत आणि त्याच बनावटीचा एखादा जुना संगणक राखून ठेवावा.

विंडोज १०बाबत घाईची गरज प्रत्येकाला सारखी नाही. यंत्रासोबत येणाऱ्या संगणकांत अनेकदा ‘एलटीएससी’ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असते. त्यातील २०१९ च्या आवृत्तीला जानेवारी २०२९ पर्यंत, तर ‘आयओटी एंटरप्राइज’ २०२१ ला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा पॅच मिळणार आहेत. २०१६ च्या आवृत्तीची मुदत मात्र ऑक्टोबर २०२६ चीच आहे. सर्वसाधारण आवृत्ती असलेल्या उद्योगांना पैसे भरून मर्यादित काळासाठी वाढीव पाठबळ घेता येते. आपल्या संगणकावर यांपैकी कोणती आवृत्ती आहे, हे सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर दिसते. पुढच्या शटडाऊनचे नियोजन तिथून सुरू करता येईल.